सदतीस नंबरची जागा

बाबा, मी मस्कतला जाऊन आले. इतकी वर्षं टाळलं. कंपनी मला औषधांची गोदामं तपासायला देशोदेशी पाठवते. ओमानची पाळी याआधी तीनदा आली होती आणि तिन्ही वेळा मी ती सहकाऱ्याच्या गळ्यात घातली. मला उन्हाचा त्रास होतो म्हणून सांगितलं. कोकणात वाढलेल्या बाईला उन्हाचा त्रास! साहेबांनी मान डोलावली, पण पटलं नसावं. या वेळी सहकाऱ्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं आणि मला पळवाट उरली नाही. गोदाम बौशरला होतं. चार दिवस तिथे थंड खोल्यांमधली खोकी मोजली. त्या खोल्या थंड ठेवणारी यंत्रं भिंतीवर घुमत होती आणि तुमच्यासारखाच कुणीतरी कंबरेला पान्हे लावून त्यांच्याखाली उभा होता. मी त्याच्याकडे फार वेळ बघितलं असावं, कारण त्यानं विचारलं, "मॅडम, कुछ चाहिए?" मी नाही म्हटलं. शुक्रवारी सुट्टी होती, आणि मी तुम्ही राहायचात त्या हमरियाला गेले.

का गेले ते सांगायचं तर माझा उद्योग आधी सांगायला हवा. मी क्रिकेटपटूंची कार्डं जमवते. बबलगमच्या पाकिटात यायची ना, तीच. वय त्रेचाळीस. नवरा म्हणतो, बाकीच्या बायका साड्या आणतात, ही शाळेतलं दप्तर भरून आणते. पण खरं सांगू का, जिथे जाते तिथे मला या कार्डांमुळेच माणसं मिळाली. कोलंबोत एक दाताचे डॉक्टर आहेत, त्यांनी मला दवाखान्याच्या खुर्चीत बसवून तासभर कार्डं दाखवली आणि बाहेर पेशंट गाल धरून बसले होते. ढाक्यात एका आजोबांनी माझं नावगाव विचारायच्या आधी विचारलं, "कोणते नंबर नाहीत?" आम्हा लोकांची ओळख अशीच सुरू होते. कोण काय काम करतो, कोणत्या देशाचा, कोणत्या धर्माचा, ते नंतर, कधी कधी कळतही नाही. नियम मात्र सगळीकडे तेच. आधी हात धुवायचे. कार्ड कडेला धरायचं. कार्डं पिशवीत परत गेल्याशिवाय चहा मागवायचा नाही. आणि कुणी कार्ड दिलं तर बदल्यात कार्डच द्यायचं, फुकट घ्यायचं नाही. तुम्हाला हे सगळं सांगताना मला हसू येतंय, कारण यातलं बरंचसं तुम्हाला माझ्या आधी माहीत होतं. ते मला शुक्रवारी कळलं.

तुम्ही शेवटचे रजेवर आलात तो दिवस मला अजून दिसतो. मी अकरा वर्षांची आहे. पडवीत सगळी वाडी जमली आहे, कारण मस्कतवाला आला की सगळे येतात, साबण बघायला आणि अत्तर हुंगायला. तुम्ही सगळ्यांचं वाटून झाल्यावर बॅगेच्या तळातून टॉवेलात गुंडाळलेला अल्बम काढता. साठ कार्डांचा अल्बम. तिथल्या बबलगमबरोबर मिळायचा. आमच्या शाळेत गल्फवाल्या घरच्या पोरांकडे त्यातली पाच-दहा कार्डं असायची आणि त्यांची मिजास बघायला नको. तुम्ही दोन वर्षं जमवून एकेक कार्ड त्यात चिकटवलं आहे, प्रत्येकाभोवती लाल पेनानं चौकट आखली आहे. अल्बमबरोबर डिंकाची एक छोटी बाटलीही आहे, लाल रबरी टोपणाची. मी पानं उलटते. सदतीस नंबरची जागा रिकामी.

तुम्ही बाटली पुढे सरकवत म्हणालात, "आता तू..."

मी पुढचं ऐकलंच नाही. सगळ्यांसमोर ओरडले, "एक राहिलाच ना! अर्धवट आणायचं कशाला मग? तुम्हाला एक काम धड जमत नाही." आणि अल्बम जमिनीवर टाकला. आई मला मारायला धावली. तुम्ही तिला हातानं थांबवलंत. माझ्याकडे बघितलंत, काहीतरी विचारणार होतात असं वाटलं, पण विचारलं नाहीत. अल्बम उचललात, टॉवेलानं पुसलात आणि म्हणालात, "राहिला खरा. पुढच्या वेळी बघू." पुढची वेळ आलीच नाही. दहा महिन्यांनी तुम्ही पेटीतून आलात. कामावर असताना छातीत दुखलं एवढंच आम्हाला कळलं. त्या रजेत पुढचे तीस दिवस मी तुमच्याशी नीट बोलले होते का, तेही मला आठवत नाही.

तो अल्बम आईनं ट्रंकेत ठेवला होता. लग्न ठरलं तेव्हा तिनं तो माझ्या हातात दिला. तेव्हापासून मी सदतीस शोधतेय. सगळी जमवाजमव तिथूनच सुरू झाली, पण हे मी कुणाला सांगत नाही. लोकांना वाटतं हौस आहे.

तर हमरिया. गल्ल्या अजून अरुंदच आहेत, दुकानाला दुकान लागून. आमच्या कार्डवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून एका ओमानी बँकवाल्याशी ओळख झाली होती. त्याची मंडळी दर शुक्रवारी तिथल्या एका चहाच्या हॉटेलात जमतात. गेले तर पांढऱ्याशुभ्र कपड्यांतला तो बँकवाला उठून उभा राहिला आणि झकास हिंदीत म्हणाला, "यल्ला, चलिए मॅडम, पहले हाथ धो के आइए." मला एकदम घरच्यासारखं वाटलं. टेबलावर सहा-सात जण होते. त्यात वसईचे एक अंकल होते, सत्तरीचे, पूर्वी एका हॉटेलात स्टोअरकीपर होते, आता मुलाकडे वादी अदाईला राहतात. मी मराठी म्हटल्यावर त्यांनी शेजारची खुर्ची ओढली. "बस गं. कोणता नंबर पाहिजे तुला?"

मी फोनमधला तुमच्या अल्बमच्या पानाचा फोटो उघडून दाखवला. ते बघत राहिले. चष्मा काढला, पुसला, परत बघितलं. मग म्हणाले, "ही चौकट माझ्या स्टोअरच्या पट्टीनं मारलेली आहे. पट्टीला इथे खाच होती, बघ, प्रत्येक रेषेला कोपऱ्यात थोडा बाक आलाय. हा अल्बम तुझ्याकडे कसा?"

मी म्हटलं, "बाबांचा."

"एसीवाला? हनुवटीवर वण?" मी मान हलवली. त्यांनी माझा हात धरला आणि सोडलाच नाही. त्यांच्या हॉटेलची एसी मशिनं दुरुस्तीला तुमच्याकडे होती, तुम्ही दर शुक्रवारी याच गल्लीत येऊन दोनदा आलेली कार्डं अदलाबदल करायचात, हे मला त्यांच्याकडून कळलं. "त्याला क्रिकेटमधलं ओ का ठो कळत नव्हतं. बॉलरला विकेटकीपर म्हणायचा. पण नंबर सगळे पाठ." ते हसले. "सदतीस आम्हाला कुणालाच मिळत नव्हता. मग तुझं पत्र आलं. इथेच बसून वाचून दाखवलं त्यानं आम्हा सगळ्यांना. माझ्या पोरीकडे सदतीस आहे! दोन दिवस तेच. कुणी भेटला की तेच. पुढे चारेक महिन्यांनी त्याला स्वतःला सदतीस मिळाला. मी म्हटलं, लाव की मॅन, खलास, पूर्ण झाला. तर म्हणतो, नको. शेवटचा तिचा तिला लावू दे. डिंक पण घेतलाय तिच्यासाठी. आणि तो सदतीस त्यानं मला देऊन टाकला, बदल्यात माझ्याकडचा बावन्न घेतला."

बाबा, मला तेव्हा डिंकाची बाटली दिसली. इतकी वर्षं मी विचार करत होते की चिकटवलेल्या अल्बमबरोबर डिंक कशाला आणला असेल.

अंकल परत फोटोकडे बघत होते. "पण ही जागा रिकामी कशी? रजेवरून आल्यावर मी विचारलं होतं त्याला, लावला का पोरीनं? म्हणाला, हो तर, लगेच लावला. सगळी वाडी बघत होती म्हणाला."

मी रडले. परक्या सात माणसांसमोर, हात धुऊन बसलेल्या, त्रेचाळीस वर्षांची बाई हमसून हमसून रडले. बँकवाल्यानं टिश्यूचा डबा सरकवला, पण त्याआधी कार्डं माझ्यापासून लांब केली, ओली होऊ नयेत म्हणून. मी ते बघितलं आणि रडता रडता हसले. मग अंकलना म्हटलं, "हो, लावला होता. नंतर सुटला आणि हरवला." तुम्ही त्यांना जे सांगितलं होतंत ते मला खोटं पाडायचं नव्हतं.

अंकलनी पिशवीतून प्लास्टिकचं पान काढलं आणि त्यातून सदतीस माझ्यापुढे ठेवला. कुठल्याशा संघाचा विकेटकीपर, मिशीवाला, झेल घेताना. "घे. त्याचाच आहे." मी माझ्याजवळचं सगळ्यात चांगलं कार्ड पुढे केलं. ते नको म्हणाले. मी म्हटलं, "अंकल, नियम." मग घेतलं. चहा आला तेव्हा सगळ्यांचे हात परत धुऊन झाले होते.

आता घरी आले आहे. टेबलावर अल्बम उघडा आहे, सदतीस शेजारी आहे. तुमची डिंकाची बाटली कधीच वाळून खडा झाली, मी कोपऱ्यावरून नवी आणली. कार्ड चिकटवणं म्हणजे आमच्या लोकांत पाप. तरी लावणार आहे. पण आधी तुम्हाला एक सांगायला हवं. ते बोलायला तुम्ही नाही, म्हणून हे पत्र. टपालात टाकायला पत्ता नाही, तेव्हा घडी करून याच पानात ठेवीन.

तुमच्या प्रत्येक पत्रात शेवटी एक प्रश्न असायचा, गणितात किती मार्क पडले. त्या वेळी मला तो आकडा लिहायचा नव्हता. त्याऐवजी दुसरं काहीतरी मोठं लिहायचं होतं, म्हणजे तुम्ही खूश व्हाल आणि विचारायचं विसराल. तुम्ही खरंच विसरलात. पडवीत मी ओरडत होते तेव्हा तुम्हाला कळलं असणार, आणि तुम्ही सगळ्या वाडीसमोर एक शब्द बोलला नाहीत. मी मात्र तेव्हा माझं ते वाक्य पार विसरून गेले होते.

बाबा, सदतीस माझ्याकडे कधीच नव्हता. आणि गणितात मला पन्नासपैकी अकरा पडले होते.