कणगीतला घागरा

मी, कडूबाई आश्रुबा पवळे, वय बहात्तर, राहणार डोहवाडी, तालुका पालम, जिल्हा परभणी, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहिते. डोके ठिकाणावर आहे, कोणाचा दाब नाही, गोळी फक्त बीपीची चालू आहे. तिसरीत शाळा सुटली, तेव्हा वाचणाऱ्याने सावकाश वाचावे.

एक. राहते घर व बँकेतील शिल्लक मुलगा परमेश्वर यास. माझ्या तेराव्याला बुंदी करू नये, मला आवडत नाही.

दोन. पितळी घंगाळे माझे आहे. जाऊबाई कस्तुराबाई यांनी लग्नघाईत पंधरा वर्षांपूर्वी नेले. ते त्यांच्याकडेच राहावे. कोणाचे आहे हे गावाला कळले म्हणजे झाले.

तीन. माझ्या पाटल्या मोडून घेतलेल्या दोन नावा. परमेश्वराची लेक विजयमाला शर्यतीसाठी उसळत्या ओढ्यातून, खडक चुकवत, गुडघ्यावर बसून एका पात्याच्या वल्ह्याने नाव काढायची. ती पाण्यात असली की मी काठावर एकटीच हसत बसायचे, लोक बघेनात का. भोपाळहून जुनी नाव आणायची ठरली तेव्हा आमचा वाद झाला. मी म्हणाले, उघडी घे. ती म्हणाली, "आज्जे, उघडीत दर उडीला पाणी भरतंय, काठाला लावून उपसावं लागतंय. झाकलेलीत पाणी शिरत न्हाई. उलटली तरी आत बसल्या बसल्या सरळ करता येती."

"अन् न्हाई आली तर?"

"घागऱ्याचा पट्टा ओढायचा, की भायेर."

घागरा म्हणजे कमरेला घालायचा रबरी पडदा, तो नावेच्या तोंडावर ताणून बसवतात. मला ते माणूस नावेला शिवून टाकल्यासारखे वाटले. आमच्या मालकांनी गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, पुरात कमरेची दोरी नावेला बांधली होती. नाव उलटली, दोरी सुटली नाही. पण हे मी पोरीला बोलले नाही. शेवटी दोन्ही नावा घेतल्या.

चार. पुढचे लिहिताना मान वर होत नाही. दोन वर्षांमागे, राज्याच्या संघाच्या निवडीच्या आदल्या आठवड्यात, विजू सरावाला निघाली त्या सकाळी मी घागरा कणगीत ज्वारीखाली दडवला. वाटले, घागरा नसला तर उघडी नाव घेईल. पोरगी माझ्यावर गेलेली, घागऱ्याशिवाय झाकलेलीच घेऊन उतरली. तिसऱ्या खडकापाशी नाव पाण्याने भरली, वळेना, खडकावर आदळली. मनगट मोडले, निवड हुकली.

सामान टेम्पोत भरायचे काम शेजारच्या कुसुमबाईच्या लिंबाजीकडे असायचे. चांगला तीस वर्षांचा माणूस, पोहायलाही विजूला त्यानेच शिकवले. विजू त्याला म्हणाली, "लिंबादा, एक घागरा ध्यानात ऱ्हाईना का तुला?" त्याने टेम्पो तीनदा झाडला. शेवटी त्यालाच वाटू लागले की आपणच विसरलो. त्याने माझ्या ओसरीवर तिची माफी मागितली, आणि मी तिथेच चहा गाळत राहिले. तेव्हापासून ती त्याच्याशी बोलत नाही. पुण्याला नोकरी करते, दोन्ही नावा अंगणात उपड्या पडल्या आहेत.

गेल्या महिन्यात घरी कोणी नसताना मी घागरा काढला, लुगड्यावर चढवला आणि झाकलेल्या नावेत अंगणातच बसले. ताणून बसवताना घाम फुटला. पट्टा ओढला, तर एका हिसक्यात सुटला. कुसुमबाई कुंपणावरून म्हणाली, "कडूबाय, गंगा उतरून माहेरी चाललीस का?" ती हसली, मीही हसले. पोरगी खरे सांगत होती, आणि मी हात लावूनही बघितले नव्हते.

पाच. येथे आधी लिहिले होते की कणगीतले घागऱ्याचे गाठोडे न उघडता गंगेत सोडावे. ते मी खोडले आहे. मेल्यावरही लपवायचे म्हणजे फार झाले. वकील म्हणतात, साक्षीदाराला मजकूर ऐकवायची गरज नाही. तरी आज लिंबाजीला बोलावून इथपर्यंत वाचून दाखवले. त्याने पेन खाली ठेवले. मग म्हणाला, "मावशी, मी सही करत न्हाई. तू गेल्यावर विजू हे वाचणार. तवर मी विसरभोळाच का? आत्ता लाव फोन."

लावला, सांगितले. मग विजूने विचारले, "घडी घालून ठिवलास का गुंडाळून? घडीवर रबर चिरतंय."

"गुंडाळून."

"लिंबादा हाय का तिथं? दे त्याला."

माझ्याशी आणखी काही बोलली नाही. तो फोन घेऊन अंगणात गेला.

सहा. म्हणून झाकलेली नाव घागऱ्यासह, व उघडीही, विजयमाला हिला आजच दिल्या, माझ्या मरणाची वाट बघू नये. कोणती पाण्यात घालायची ते तिचे तिने ठरवावे. लिंबाजी साक्षीदार असल्याने त्याच्या नावे काही ठेवलेले नाही. त्याची माफी तोंडाने मागितली आहे. त्याने आत येऊन घागरा मागून घेतला, सध्या नळाखाली धुतो आहे. हात कोरडे झाले की सही करतो म्हणाला.

डोहवाडी, दिनांक १२ सप्टेंबर २०२५

लिहिणार व देणार: कडूबाई आश्रुबा पवळे (सही)

आम्हा दोघांदेखत कडूबाईंनी सही केली:

१. कुसुमबाई, शेजारीण (डावा अंगठा)

२. लिंबाजी, कुसुमबाईचा मुलगा (सही. पाण्याने शाई फुटली आहे, पण सही त्याचीच.)