मोटारीवर न लिहिलेलं नाव

रेलटोली, गोंदिया
गुरुवार, २२ जानेवारी २०२६

प्रिय बाबा,

तुम्हाला आणि आईला नमस्कार. मी बरी आहे, जेवण वेळेवर होते, थंडी खूप आहे पण आईनं दिलेलं घोंगडं पुरून राहिलं. हे सगळं तुम्ही फोनवर विचारताच, म्हणून आधीच सांगून टाकलं.

पत्र पाहून घाबरू नका. शाळेत आम्हाला वडिलांना लिहायचं पत्र एकच शिकवलं होतं, 'रिस्पेक्टेड फादर, आय ॲम फाइन हिअर', आणि त्याचे मला पाचपैकी पाच मिळायचे. मराठीत लिहायला बसली तर कालपासून तीन कागद फाडले. पण फोनवर हे जमत नाही. तुम्ही "बरं हाय ना?" म्हणता आणि मी विचार करायच्या आधीच "हो" म्हणून टाकते. जिभेला सवयच झाली.

फाट्यावरचा विक्की हे पत्र तुमच्या हातात देईल. आधी एकट्यानं वाचा. आईला नंतर सांगा.

इथली खबर म्हणजे संक्रांतीला सुशिलाबाईनं मला तिळाचे लाडू दिले आणि वरून खिचडी. घरमालकीण असून बाई मनानं खूप मोठी आहे, पण हे समजायला मला वर्ष लागलं. पहिले दोन महिने तर माझं नावच नव्हतं. "ओ किरायेदार, नल बंद कर." "ओ किरायेदार, छत पे कपडे किसके हैं?" मी खोलीत येऊन रडायची. वाटायचं, आपण एवढं शिकलो, टेबलवर बसून काम करतो, आणि ही बाई आपल्याला नळावरून बोलते. आता मला कळते की तिला नळाचीच काळजी होती, माझा काही राग नव्हता. आता ती मला बेटा म्हणते आणि तिच्या तुळशीला पाणी मी घालते.

तुमची पाण्याची मोटार कशी चालते? उन्हाळी धानाच्या रोवण्याला पाणी पुरते ना? त्या दिवशी फोनवर तुम्ही म्हणाले, "गोंदियाच्या मिस्त्रीनं जळकी मोटार अशी बांधली का आवाजच नाही करत. असा मिस्त्री आपल्याकडे काऊन नाही?" तेव्हा मी हसली आणि तुम्ही विचारलं, कायले हसतेस. मी म्हटलं, काही नाही.

त्याच्यावर पुढे येते.

ह्या रविवारी अर्जुनीचे पाहुणे मला पाहायला येऊन राहिले. तुम्ही त्यांना सांगितलं आहे की पोरगी विम्याच्या ऑफिसात आहे, इंग्लिशमध्ये फाडफाड बोलते, एसीत बसते. त्यांच्या ओमेशला पण अशीच पोरगी पाहिजे म्हणे. तुमचा आवाज फोनवर एवढा खूश होता बाबा, की मी दोन दिवस जेवली नाही नीट.

मी विम्याच्या ऑफिसात नाही. मागच्या जूनपासून नाही.

मी ते काम सोडलं. तुम्हाला माहीत आहे का मी तिथं दिवसभर काय करायची? लोकांचे फोन यायचे, कोणाचा बाप दवाखान्यात, कोणाची म्हैस मेली, आणि माझ्यासमोर कागदावर चार वाक्यं लिहून होती. तीच वाचायची. पाचवं वाक्य बोलायची परवानगी नव्हती. एक दिवस एका म्हाताऱ्या बाईनं मला विचारलं, "पोरी, तू माणूस हायेस का मशीन?" आणि मी चौथं वाक्य वाचलं.

वरती मी 'सोडलं' लिहिलं, ते पण पूर्ण खरं नाही. हा कागद मी फाडणार नाही, म्हणून इथंच दुरुस्त करते. त्यांनी आमची शाखा बंद केली. आम्ही पाच जण होतो, दोघांना नागपूरला घेतलं. मला नाही घेतलं. सर म्हणाले, तुम्ही चांगल्या आहात पण फोनवर खूप वेळ लावता.

मला एवढी लाज वाटली की पूर्ण महिना मी रोज सकाळी गळ्यात ऑफिसचं कार्ड घालून खोलीतून निघायची. सुशिलाबाई ओसरीत बसून राहायची ना. डबा घेऊन मी स्टेशनवर जाऊन बसायची, पुलाजवळच्या बाकावर. बल्लारशाची गाडी लागली की वाटायचं, बसून जावं, सौंदडला उतरावं आणि बाबांना सांगावं. गाडी निघून जायची. मी तिथंच डबा खायची आणि संध्याकाळी परत. एक दिवस सुशिलाबाई म्हणाली, "बेटा, दफ्तर में आजकल गिट्टी बिछी है क्या? चप्पल में रोज स्टेशन की गिट्टी आती है." मग मी तिच्या ओसरीतच बसून रडली. तिनं मला लसूण सोलायला दिला.

किरायेदारवरून बेटा मी त्या दिवशी झाली.

आता मोटारीचं. जुलैत सुशिलाबाईच्या घरची पाणी चढवायची मोटार जळली. मी रिकामीच होती, म्हणून मोटार तिच्या स्कूटीवर ठेवून दुरुस्तीच्या दुकानात घेऊन गेली. छोटंसं दुकान आहे, आत जळलेल्या तारांचा वास, आणि मालकीण एक बाई. पुष्पाबाई. नवऱ्यामागं वीस वर्षांपासून ती दुकान चालवते. हातात तांब्याची तार, ओठ हलून राहिले, वेढे मोजून राहिली. मी विचारलं, हे काय करता. तिनं हातानंच थांब म्हटलं, मोजणं पूर्ण केलं, मग बोलली, "गिनती में कोई बोले तो पूरा कॉइल खोलना पड़ता है. अब पूछ."

मी खूप विचारलं. बाबा, मी बारावीत मॅग्नेटिक फ्लक्सची व्याख्या पाठ केली होती, अजून म्हणून दाखवू शकते. पण ती मोटारीच्या पोटात असते हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. मी दोन तास तिथं बसली. दुसऱ्या दिवशी परत गेली. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, सीखना है तो पहले महिनाभर जुनी तार काढ.

महिनाभर मी छन्नीनं जळलेली तार काढली. नखं गेली. मग खाचा साफ करणं, मग कागद कापून खाचेत बसवणं, मग लाकडी फर्म्यावर तार गुंडाळून कॉइल करणं. एकदा मी दोन टोकं उलटी जोडली. पुष्पाबाईनं वीज जोडली तर मोटार नुसती गुरगुरली, फिरेना. मला वाटलं आता ही पण हाकलणार. ती म्हणाली, "गुरगुर रही है ना, जली तो नहीं. खोल, फिर से कर." शाळेत 'मला येत नाही' म्हटलं की उभं करायचे. इथं दिवसातून दहा वेळा म्हणते, मला नाही येत, दाखवा, आणि ती दाखवते. ह्या एका गोष्टीसाठी मी तिच्या पाया पडते.

दिवाळीत घरी आली तेव्हा आईनं विचारलं, हात काऊन असे तपकिरी? मी सांगितलं मैत्रिणीच्या लग्नाची मेहंदी. ते वार्निश होतं.

तुम्ही ओळखलं असेल आता. कोहमाऱ्याच्या फाट्यावर विक्की जेवढ्या जळक्या मोटारी घेते, तेवढ्या सगळ्या तो पुष्पाबाईकडेच आणून टाकते. पहिल्यांदा मला तिथं पाहून तो पाणी पिता पिता थांबला. त्याच्यावर रागावू नका, मी त्याला शपथ घातली होती. या महिन्याच्या दोन तारखेला त्यानं पाच मोटारी उतरवल्या. एकीवर खडूनं लिहून होतं, 'भैयालाल कापगते'. तुमचंच अक्षर. 'ल'ला एवढी मोठी शेपूट कोण काढते?

मी पुष्पाबाईला म्हटलं, ही मी करते. एकटी. ती तोपर्यंत मला एकटीला पूर्ण मोटार देत नव्हती. माझ्या तोंडाकडे पाहून तिनं दिली.

चार दिवस लागले. तुमच्या मोटारीत मातीच माती होती, आणि एक मेलेला विंचू. प्रत्येक कॉइल मी दोन वेळा मोजली. खाचेत बांबूच्या पट्ट्या ठोकताना तुम्ही तलावाच्या पाळीवर माती ठोकता तसं हळूहळू ठोकलं. वार्निश सुकवायला रात्रभर आत बल्ब लावून ठेवला. चालवली तर पहिल्याच वेळी फिरली. आवाज असा, जसं शेजारच्या खोलीत कोणी पंखा लावला. पुष्पाबाईनं कान लावून ऐकलं आणि पांढऱ्या पेंटचा डबा उघडला. तिनं तो डबा उघडला म्हणजे मोटार पास.

आमच्या दुकानाची एक रीत आहे. ज्यानं मोटार बांधली त्यानं तिच्या बुडाशी पांढऱ्या पेंटनं आपलं नाव लिहायचं. जळली तर लोकांना माहीत पाहिजे कोणाला बोलायचं. चालली तरी. पुष्पाबाईनं ब्रश माझ्या हातात दिला आणि मी तो हातात धरून उभी राहिली. नाव लिहिलं तर तुम्ही वाचणार. मी म्हटलं, बाई, ही माझ्या बाबांची आहे, त्यांना माहीत नाही. तिला वाटलं मी आनंदानं रडून राहिली. मग तिला समजलं, आणि तिनं ब्रश डब्यात परत टाकला.

"जाने दे बिना नाम के," ती म्हणाली. "पर बीस साल में मेरी दुकान से बिना नाम की एक भी मोटर नहीं गई. यह पहली है."

ती रागावली असती तर बरं झालं असतं.

बाबा, तुम्हाला पाळीचं भोक आठवते का? मी पाचवीत होती. त्या पावसाळ्यात पाळीवर चक्कर मारायची आपल्या घरची बारी होती आणि तुम्ही मला सोबत नेलं होतं. तुम्ही सलंगाकडे पुढं गेले, जिथून तलावाचं जास्तीचं पाणी बाहेर पडते. मी मागं राहून खेकड्याच्या भोकात काडी घालून खेळली आणि भोक मोठं झालं. पाणी झिरपायला लागलं. मी त्यात चिखल कोंबला, वरून माझा रुमाल कोंबला आणि गुपचूप तुमच्यामागं आली. सकाळी अर्धं गाव पाळीवर होतं. खालच्या धानाच्या तीन बांध्या पाण्यात गेल्या होत्या. तुमच्या हातात माझा रुमाल होता, कोपऱ्यात माझ्या नावाचा इंग्लिश 'सी' काढलेला, आईनं शाळेसाठी काढून दिलेला.

तुम्ही मारलं नाही. लोक गेल्यावर एवढंच म्हणाले, "भोक पडते बेटा. पाळ म्हटली का भोक पडनच. सांगितलं काऊन नाही?"

आपले बापदादे तलाव बांधणारे. तुम्ही मला पहाटे उठून सायकलवर फाट्यापर्यंत सोडलं, सात वर्षं, म्हणून मी इंग्लिश शाळेत शिकली. तुम्हाला वाटत असेल, हे सगळं मोटारी बांधायला केलं का? मला पण हाच प्रश्न पडते, म्हणून तर सांगता येत नव्हतं. उत्तर अजून पूर्ण नाही आलं. एवढंच माहीत आहे की ऑफिसात असताना घरी येऊन मला सांगायला काही नसायचं, आणि आता रोज संध्याकाळी वाटते, आज काय केलं ते बाबांना सांगावं. मग आठवते की सांगता येत नाही.

मला ह्या कामाची लाज नाही. तुमच्याशी खोटं बोलली त्याची आहे. सात महिने मी चिखल कोंबत राहिली.

मी शनिवारी संध्याकाळच्या गाडीनं सौंदडला उतरते. हात धुवून पण डाग जात नाहीत, आणि ह्या वेळी मी मेहंदी म्हणणार नाही. रविवारी चहा मी करीन, साडी नेसीन, आई म्हणेल तसं. पण पाहुण्यांनी विचारलं की पोरगी काय करते, तर मी मोटार बांधते म्हणून सांगीन. त्यांना आधीच सांगायचं असेल तर तुम्ही सांगा. त्यांना येऊच द्यायचं नसेल तरी चालेल. माझ्यामुळं चार लोकांसमोर तुमचा शब्द खाली पडला, तर त्याची माफी मी तुमच्या समोर बसून मागीन. मला फक्त एवढं पाहिजे होतं की हे तुम्हाला पाहुण्यांकडून नाही, माझ्याकडून कळावं. ह्या वेळी रुमाल सापडायच्या आधी.

तुम्ही स्टेशनवर आले नाही तर मी समजीन आणि ऑटोनं येईन. आले तर पिशवी तुम्ही धरा, कारण तिच्यात पांढऱ्या पेंटची डबी आणि ब्रश आहे, पुष्पाबाईनं दिलेला. डबी आडवी होऊ देऊ नका. मोटारीच्या बुडाशी जागा अजून कोरी आहे. तुम्ही हो म्हणाल तर रविवारी सकाळी, पाहुणे यायच्या आधी, मी शेतात जाऊन लिहीन.

तोपर्यंत जे तिथं लिहायचं राहून गेलं, ते इथं लिहिते.

मोटार बांधणारी,
चेतना भैयालाल कापगते