गोंगाटात जमा झालेला आवाज

प्रिय ताई,

हे पत्र हाताने लिहिते आहे, कारण फोनवर दोनदा सुरुवात केली आणि दोन्ही वेळा हवापाण्यावर घसरले. तू "आणखी काय?" विचारलंस आणि मी "काही नाही" म्हटलं. काही नाही कसं? डोक्यात नुसता गुंता झालाय, एक टोक ओढावं तर दुसरीकडे गाठ बसते. तेव्हा घडलं तसं सांगत जाते. तू शहाणी, तुला कदाचित उलगडेल.

बाबांना नवं श्रवणयंत्र मीच आणून दिलं. आमच्याच कंपनीचं, अजून बाजारात न आलेलं. चाचणीसाठी घरच्या माणसांना द्यायची परवानगी होती. त्यातली चिप म्हणजे माझी तीन वर्षं. तू मागे विचारलं होतंस, मी नक्की करते तरी काय, तेव्हा मी तोंडाला येईल ते सांगून वेळ मारून नेली होती. खरं ते असं: कानात येणारा आवाज माणसाच्या बोलण्याचा की भांड्यांचा, पंख्याचा, हे चिपने ओळखायचं आणि बोलणं तेवढं मोठं करायचं. त्यासाठी सेकंदाला लाखो गुणाकार-बेरजा लागतात. नेहमीची चिप त्या आकड्यांनी करते आणि डाळीएवढी बॅटरी दीड दिवसात चाटूनपुसून संपवते. आम्ही बहुतेक आकडेच काढून टाकले. विजेचे बारीक प्रवाह एका तारेत सोडायचे. ते एकत्र आले की बेरीज आपसूक होते, ओढ्यांना कुठे पाण्याची बेरीज शिकवावी लागते! बॅटरी नऊ दिवस पुरते. फक्त प्रवाह म्हणजे आकडे नव्हेत. चिप तापली की ते हलतात, उत्तर थोडं इकडेतिकडे होतं. "थोडं" हा शब्द आमच्या खोलीत दिवसातून पन्नास वेळा ऐकू येतो.

बाबा पहिल्या दिवशी लहान मुलासारखे घरभर फिरले. जिन्यावरचं शेजाऱ्यांचं बोलणं त्यांना शब्दन् शब्द कळलं, आणि ते आपल्याबद्दलच होतं म्हणून वर जाऊन भांडूनही आले. मला म्हणाले, "पोरी, तू काहीतरी कामाचं करतेस हे आज पटलं." शिक्षणाला एवढी वर्षं घालवली त्याची पावती मिळाली म्हणायची. मी तरंगत ऑफिसला गेले.

मग आई गप्प झाली. एकदम नाही, हळूहळू. अर्धांगाच्या झटक्यानंतर तिची जीभ किती जड झाली ते तू दवाखान्यात पाहिलं होतंस. पुढेही ती तशीच राहिली. ती बोलते, पण शब्द एकमेकांत विरघळून येतात. ते फक्त बाबांना कळायचे. ती काहीतरी म्हणायची आणि बाबा आम्हाला सांगायचे, उशी सरकव म्हणतेय, खिडकी लाव म्हणतेय. दोन वर्षं हेच चाललं होतं. आता ती खिडकीकडे तोंड करून बसायला लागली. बाबांना विचारलं तर म्हणाले, "बोलतच नाही माझ्याशी. रुसलीय." आईचे डोळे पाहिले तर तिथेही तेच: हा माणूस मला उत्तर देत नाही.

रविवारी मला दिसलं. बाबा पेपर वाचत होते, आई त्यांच्या मागून बोलत होती. चांगली जोरात, तीन-चार वेळा. बाबांनी पान उलटलं. त्याच क्षणी स्वयंपाकघरातून मी हलकेच "बाबा" म्हटलं, तर ताडकन मान वर. आई रुसली नव्हती, बाबाही नाही. आईचं बोलणं माझ्या चिपने गोंगाटात जमा केलं होतं.

तिचा आवाज मी फोनमध्ये भरून घेतला. पाच दिवसांत तेवीस तुकडे. प्रयोगशाळेत टेबलावर ठेवून चिपला ऐकवले तर ती काठावर पास. "बोलणं," म्हणाली, पण अडखळत. मग चिप कानामागे असते तेवढी गरम केली आणि तेवीसपैकी एकोणीस तुकडे "गोंगाट". आम्ही शिकवताना असा आवाज तिला कधी दिलाच नव्हता, आणि उरलेलं ते "थोडं"ने केलं. आमच्या प्रमुख बाई, ज्यांना आम्ही पाठीमागे "मिलीमीटर" म्हणतो, त्यांना दाखवलं. प्रवाह वाढवून उष्णतेचा परिणाम सावरता येतो, पण मग नऊ दिवसांचे सहा होतात, आणि नऊ दिवस हीच तर आमची सगळी फुशारकी. बाईंनी आलेख जवळ ओढला. मग म्हणाल्या, "शुक्रवारी आराखडा कारखान्यात जायचाय. तू इंजिनिअर म्हणून सांगतेयस की मुलगी म्हणून?" मी "पाठवू नका" असं लेखी दिलं, आणि त्यांनी ते वर पाठवलं. गटातले निम्मे लोक माझ्याशी बोलत नाहीत.

घरी बाबांना सगळं समजावलं. वाटलं होतं, चिडतील नाहीतर रडतील. ते यंत्र काढून तळहातावर घेऊन बसले आणि अगदी हळू म्हणाले, "या पंधरा दिवसांत मला दुपारची झोप लागत होती गं." मग लगेच उठून आईजवळ गेले, कान तिच्या तोंडाशी नेला. त्या वाक्याचा राग करू की दया, मला कळलं नाही. दोन वर्षं तो माणूस एकटा तिची जीभ झाला होता. थकला असेल. आपण कुणी विचारलं होतं?

एवढ्यावरच थांबलं असतं तर मी पत्र लिहिलं नसतं. चिपला नव्याने शिकवायचं तर प्रत्येक तुकड्यात काय म्हटलंय ते लिहून द्यावं लागतं, आणि ते घरच्या माणसाने नव्हे, जाणकाराने लिहावं असा आमचा नियम आहे. म्हणून वाचा-उपचार करणाऱ्या एका बाईंकडे तुकडे दिले. झटका आलेल्यांचं बोलणं ऐकण्यात त्यांचा जन्म गेलाय. परवा त्यांचा कागद आला. तेवीसपैकी अकरा तुकड्यांपुढे एकच गोष्ट: "मोठी कधी येणार?" आणि खाली त्यांनी विचारलं होतं, "मोठी म्हणजे कोण?"

तुला आठवतं ना, आई तुला नावाने हाक मारायचीच नाही. तू मोठी, मी धाकटी. ताई, हाच आवाज मी दोन वर्षं ऐकतेय. दर वेळी बाबा सांगायचे, "वाटी मागतेय," आणि कुणीतरी उठून तिच्या हातात वाटी द्यायचं. ती वाटीकडे बघत बसायची. आम्ही हसायचो, म्हणायचो, आईला वाटीचं वेडच लागलंय. मीसुद्धा हसलेय.

आता मला सांग, बाबांना खरंच "वाटी" ऐकू आलं? त्यांचं जुनं यंत्र निम्मा वेळ बंदच असायचं, येऊ शकतं. की आईला शुश्रूषेच्या संस्थेत ठेवू या असं तू म्हणालीस, त्यांनी तुला नको नको ते ऐकवलं आणि तू बॅग भरलीस, ते सगळं त्या वाटीखाली झाकून ठेवलं? तुझा आवाज ऐकला की ती रडते म्हणून तिच्या कानाला तुझा फोन लावणंही त्यांनीच बंद करायला लावलं होतं. मी दोन्ही बाजूंनी विचार करते आणि दोन्ही खरं वाटतं. बाबा आत्ता शेजारच्या खोलीत तिचे केस विंचरताहेत, काहीतरी पुटपुटत. त्यांना अजून मी काही विचारलेलं नाही. विचारावं की नाही, तेही तूच ठरव. मला एवढंच कळतं की आईने तुला बोलावलंय, अकरा वेळा, आणि त्याआधी किती वेळा ते कुणी मोजलं नाही. तू ये. दार मी उघडेन.

तुझीच,
धाकटी