घासलेल्या काचेतला मासा

वालचंदनगर,
सातवी माळ, सन १९५६

राजश्री जोतीरामराव मेहुणे, मु. कळस, यांस कुंडलिकचा रामराम. इकडे मी खुशाल आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिलं. वहिनींचा गुडघा कसा आहे?

पत्रास कारण एक मासा. शेजारच्या क्वार्टरमधले मद्रासी साहेब बदलीवर जाताना एक काचेची पेटी आणि तीत एक चपट्या तोंडाचा मासा माझ्या गळ्यात बांधून गेले. (एकट्या माणसाला सोबत, म्हणाले. मी एकटा आहे हे मी कारखान्यात कुणाला सांगितलेलं नाही, तरी फाटकावरच्या पहारेकऱ्यालाही ठाऊक आहे.) मी कामावरून आलो की मासा काचेला तोंड लावतो. तुमची बहीण गेल्यापासून माझी एवढी वाट कोणी पाहिलेली नाही.

घटस्थापनेआधी द्वारका सगळं घर धुवायची. यंदा मी धुतलं. गोधड्या कालव्यावर नेल्या, डबे घासले (तिचा मिसरीचा डबासुद्धा, मग परत होता तिथंच ठेवला), आणि हातासरशी माशाला घागरीत काढून पेटीही राखेनं लख्ख केली. द्वारकेनंसुद्धा नाव ठेवलं नसतं. मासा मात्र भाकरी खाईना, उपवासाची भगर खाईना, तळाशी बसून राहिला. तीन दिवस माझंही जेवणात लक्ष नव्हतं. शेवटी पलीकडच्या लीलाबाईंनी डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, "भावजी, त्यो काचंवरचं शेवाळ खातोय. तुमी त्याचं समदं रानच खरवडलंय की." मोरीत जरा शेवाळ दिसलं की मी द्वारकेवर खेकसायचो. आता तेच पिकावं म्हणून पेटी उन्हात ठेवतो.

हा मासा गेला तर घरात घड्याळाशिवाय काही हलणार नाही. तुमच्या विहिरीच्या पायऱ्यांवर शेवाळ भरपूर आहे. (द्वारका लहानपणी तिथंच घसरली होती, असं सांगायची.) तेवढं ओल्या फडक्यात बांधून दसऱ्याला स्वतः घेऊन यावं. टपालानं पाठवू नये, वाळतं.

आपला,
कुंडलिक

ता. क. लीलाबाईंनी कालव्यातला एक शेवाळलेला दगड कालच आणून पेटीत सोडला. मासा त्याला चिकटून चरतो आहे. तब्येत उत्तम.

आणखी ता. क. तरी या. वर्षश्राद्धानंतर तुम्ही आला नाहीत. दसऱ्याला सोनं द्यायला घरात दुसरं माणूस नाही, आणि मासा आपट्याचं पान घेत नाही. रिकाम्या हातानं आलात तरी चालेल.