ताईच्या तक्त्यातलं चौथं उद्दिष्ट

ताई,

फ्रिजवर लावलेला, यंदाच्या धावण्याच्या शर्यतींचा तुझा तक्ता वाचला. तो इतका मोठा आहे की फ्रिजचं दार कुठून उघडतं तेच सापडेना. मार्चमध्ये पन्नास किलोमीटर, जूनमध्ये ऐंशी, ऑक्टोबरमध्ये डोंगरातून एकशे साठ. प्रत्येकीसमोर तीन उद्दिष्टं. पहिलं, ठरल्या वेळेत पोहोचणं. ते नाही जमलं तर कसंही पोहोचणं. तेही नाही जमलं तर रांगत पोहोचणं. मी हसलो नाही, आणि मी तर दातांच्या डॉक्टरकडेही हसतो.

मागच्या वर्षीच्या शर्यतीत पायाच्या हाडाला चीर गेलेली असताना तू अकरा किलोमीटर चाललीस. मी पुढच्या थांब्यावर सुपाचा थर्मास घेऊन चार तास उभा होतो आणि दर वीस मिनिटांनी आईला फोनवर सांगत होतो, "ताई एकदम मजेत आहे." इतक्या थापा मी परीक्षेतही मारल्या नव्हत्या.

एकशे साठच्या फॉर्मवर मदतनिसाची, म्हणजे माझी, सही लागते. फॉर्म टेबलावर आहे, सही केलेली नाही. आधी तक्त्यात चौथं उद्दिष्ट लिही : काय झालं की तू थांबशील. पेनाने लिही, पेन्सिलीचं तू खोडतेस. आणि बाबांना गाठू नकोस, ते न वाचता सही करतात.

मी आज साडेचारला येतो, नावनोंदणी पाचला बंद होते. चौथ्या उद्दिष्टाची जागा रिकामी दिसली तर सही मिळणार नाही, मग महिनाभर रुसलीस तरी चालेल. रुसलेली ताई निदान घरात तरी असते.

धाकटा