बघूची खोकी

मी, खाली सही करणारी, टेलिफोन एक्स्चेंजमधून ऑपरेटर म्हणून निवृत्त झालेली, एका मुलाची आणि एका मुलीची आई, हे मृत्युपत्र माझ्या राहत्या घरी, पुढच्या खोलीतल्या टेबलाशी बसून, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव आणायला घरात दुसरे कोणी असते तर बरेच झाले असते. माझी बुद्धी शाबूत आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला देण्याआधी त्यांनी मला आजचा वार विचारला. मी वार सांगितला, आणि त्यांच्या भिंतीवरचे कॅलेंडर मागच्या महिन्यातच अडकले आहे, हेही सांगितले. मग त्यांनी पुढचे काही विचारले नाही.

माझे यजमान गेल्या थंडीत वारले. यापुढे या कागदात त्यांचा उल्लेख 'पेंटर' असा होईल, कारण मी त्यांना जन्मभर तशीच हाक मारली. दुकानांच्या पाट्या रंगवणे हा त्यांचा धंदा. त्यांनी मृत्युपत्र केले नव्हते. मी विषय काढला की म्हणायचे, "बघू." म्हणून हे काम माझ्या एकटीच्या गळ्यात आले आहे.

कलम पहिले. हे घर, म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि एका वेळी एकच माणूस उभा राहील अशी बाल्कनी, माझ्या नावावर आहे. ते मुलगा आणि मुलगी यांना समसमान मिळावे. विकले तरी माझी हरकत नाही, पण कुलूप लावून ठेवू नका. विकताना घेणाऱ्याला एक गोष्ट आधी सांगा. मागच्या खोलीच्या दारामागे पेंटर नव्या ब्रशची परीक्षा घ्यायचे, आणि तिथे काढलेला प्रत्येक 'क्ष' कितीही रंग मारला तरी पुन्हा वर येतो. ती ओल नाही. उगाच भाव पाडून देऊ नका.

कलम दुसरे. बँकेत जे असेल ते दोघांना निम्मे. माझ्या शेवटच्या खर्चाचे आधी वजा करावे. मोठा खर्च करू नये, मला तो दिसणार नाही.

कलम तिसरे. माझ्या कानातले सुनेला. ती फोनवर माझे बोलणे मध्येच तोडत नाही. हा गुण मी एक्स्चेंजमध्येसुद्धा फार थोड्यांत पाहिला.

कलम चौथे. पेंटरची घडीची मोठी शिडी माझ्या धाकट्या दिरांनी "दोन दिवसांसाठी" नेली, तेव्हा माझी मुलगी शाळेत होती. आता तिच्या डोक्यात पांढरे केस आहेत. ही शिडी मी या मृत्युपत्राने भाऊजींना देत आहे. यामुळे ती आजपर्यंत त्यांची नव्हती, हे कागदावर येईल. माझ्या मनातले किल्मिष तेवढ्याने जाईल, असे मला वाटते.

कलम पाचवे, आवराआवरीबद्दल. हे वाचून वकीलबाई म्हणाल्या, "काकू, आवराआवर ही काही मालमत्ता होत नाही." मी म्हटले, "आमची तेवढीच झाली." तेव्हा त्यांनी चष्मा पुसला आणि लिहू दिले.

पाट्या यंत्रावर छापून मिळू लागल्या तसे पेंटरांनी दुकान बंद केले. पाठोपाठ मी निवृत्त झाले. घरात आम्ही दोघे उरलो आणि आमच्या उरावर बसलेले सामान उरले. लेक म्हणाली, "आई, थोडं थोडं आत्ताच काढा ना. नंतर आम्हाला उपसावं लागेल." पेंटरांना ते लागले, मला पटले. वाण्याकडून मी रिकामी खोकी आणली आणि त्यांच्यावर खडूने लिहायला बसले. पेंटरांनी माझ्या हातातून खडू काढून घेतला.

"माझ्या घरात खडू? लोक काय म्हणतील?"

"कोण लोक? खोकं बघायला कोण येतंय?"

"मी येतोय ना."

मग पुठ्ठा कापणे आले, दोरा ताणून ओळी आखणे आले, काळा रंग, त्यावर राखाडी सावली. 'ठेवायचं', 'द्यायचं', 'टाकायचं' आणि 'बघू' अशा चार पाट्या व्हायला आठवडा गेला. 'टाकायचं' ही पाटी इतकी देखणी झाली की त्या खोक्यात काही टाकायला मन होईना.

त्यानंतरचा आमचा रोजचा दिवस असा. सकाळचा चहा झाला की मी एक कप्पा उपसायची. पेंटर एकेक वस्तू खिडकीशी नेऊन उजेडात धरायचे. दांडी तुटलेले भिंग, कुलपांशिवायच्या किल्ल्या, मुलाचा एका पायाचा बूट.

"ठेवायचं की द्यायचं?"

"बघू."

"अहो, बघूचं खोकं भरलं."

"मग दुसरं करतो." आणि हे म्हणताना चेहरा असा खुलायचा की मला शंका येते, माणूस ती पाटी रंगवायला मिळावी म्हणूनच निर्णय टाळत होता. त्या 'बघू'चा ऊकार ते सगळ्यात शेवटी काढायचे. 'घ'ची काठी खाली उतरली की श्वास रोखायचा आणि एका दमात शेपटी ओढायची. त्या वेळी घरात कोणी बोलायचे नाही.

दुपारपर्यंत आम्ही भांडभांड भांडायचो. माझ्या जुन्या टेलिफोन डिरेक्टऱ्या रद्दी की नाही, त्यांचे रंगाचे रिकामे डबे रिकामे की नाही. संध्याकाळी निम्मे सामान परत कपाटात जायचे. नोकरीत माझ्या पाळ्या होत्या आणि ते दिवसभर शिडीवर असायचे. संसारात आम्ही एकमेकांशी जेवढे बोललो नसू, तेवढे त्या आवराआवरीत बोललो. ते दिवस मला परत हवे आहेत. मृत्युपत्रात मागता येत नाही, ठाऊक आहे.

शेवटची पाटी ते थेट खोक्यावरच रंगवत होते. 'ब' झाला, 'घ' झाला. मग छातीत जड वाटते म्हणून ब्रश कानामागे खोचला आणि म्हणाले, "ऊकार संध्याकाळी काढतो." इस्पितळातून ते परत आले नाहीत. त्या खोक्यावर नुसते 'बघ' राहिले आहे. मी दिवसातून कितीदा तरी त्याच्यासमोरून जाते. 'बघू' म्हणायला दोघे लागतात. 'बघ' हे एकटीला सांगितलेले असते. मला या घरात फार एकटे वाटते. हे कलमात बसत नाही, पण लिहिले.

कलम सहावे. माझ्या मुलांचे एकमेकांशी बोलणे बंद आहे. त्याची हकीकत इथे नोंदवते, म्हणजे पुढे कोणी तिला मीठमसाला लावणार नाही.

ओली पाटी हाताशी येईल त्या सपाट वस्तूवर वाळत ठेवायची, ही पेंटरांची खोड होती. 'टाकायचं'ची एक जादा पाटी त्यांनी आपल्या ब्रशांच्या पत्र्याच्या पेटीवर वाळत ठेवली आणि ती तिथेच चिकटली. ते गेल्यावर मुलगा मदतीला म्हणून चार दिवस राहिला. लेक आणि मी कागदपत्रांसाठी सरकारी कार्यालयात गेलो होतो. भंगारवाला आला आणि मुलाने 'टाकायचं' असे लिहिलेले सगळे त्याला उचलून दिले. पेटी त्यातच गेली. लेकीला त्या ब्रशांखेरीज बापाचे काहीही नको होते. ती लहानपणापासून त्यांच्या शेजारी बसून अक्षरे भरायची.

"बाबांच्या हातचं अक्षर होतं. मला काय माहीत?" मुलगा म्हणाला.

"झाकण उघडून बघायला काय झालं होतं?"

"तू होतीस का आवरायला?"

"तू तरी कधी होतास?"

भंगारवाल्याकडे आम्ही लगेच माणूस धाडला. पेटी ठोकून पत्रा झाली होती आणि ब्रश कचऱ्यात गेले होते. मुलाने बापाच्या अक्षरावर विश्वास ठेवला आणि लेकीने बापाचे ब्रश जपायला हवे होते म्हटले. दोघांचेही खरे आहे, म्हणून भांडण मिटत नाही.

तेव्हापासून मुलगा रविवारी फोन करतो आणि लेक गुरुवारी. एकमेकांचे नाव दोघेही घेत नाहीत. फोन ठेवायच्या आधी मुलगा विचारतो, "बाकी?" बाकी म्हणजे बहीण. लेकही विचारते, "बाकी?" ती बाकी म्हणजे भाऊ. मध्यंतरी मी मुलाला म्हटले की ताईचा गुडघा धरला आहे. पुढच्या रविवारी तो आपणहून म्हणाला, "गुडघ्याला गरम पट्टी चांगली, असं ऐकलंय."

"माझे गुडघे ठणठणीत आहेत."

"असू दे. सांगून ठेवलं."

गुरुवारी मी गरम पट्टी पुढे पोहोचवली. लेक म्हणाली, "लावते म्हणावं." लगेच सावरून म्हणाली, "म्हणजे, लावते."

जन्मभर अनोळखी माणसांच्या लाइनी जोडून दिल्या आणि घरातली लाइन अशी माझ्यातून जाते. मी गेले की हा एक्स्चेंज बंद पडेल. मला काळजी आहे ती एवढीच. घराची आणि पैशांची नाही.

कलम सातवे. पुढच्या खोलीत भिंतीशी रचलेली 'बघू'ची सर्व खोकी मी मुलगा आणि मुलगी या दोघांना मिळून देत आहे. त्यांची वाटणी करता येणार नाही. ती दोघांनी एकाच वेळी, याच खोलीत, जमिनीवर बसून उघडावीत. जावई किंवा सून यांना आपल्या जागी पाठवू नये. मोबाइलवर तोंड दाखवलेले हजेरीत धरले जाणार नाही. प्रत्येक वस्तू खिडकीशी नेऊन उजेडात धरावी आणि ठेवायचं, द्यायचं की टाकायचं ते दोघांनी ठरवावे. 'बघू' म्हणायलाही माझी परवानगी आहे. मात्र 'बघू' म्हटले तर पुन्हा एकदा यावे लागेल.

आत खजिना नाही. आधीच सांगते, नाहीतर आशेने याल आणि मला नावे ठेवाल.

दोघे एकत्र आले नाहीत, तर खोकी न उघडता भंगारात द्यावीत. यावर वकीलबाईंचे घोडे अडले. आमचा भंगारवाला या मृत्युपत्राला साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराला यातून काही मिळून चालत नाही. तो दारातच उभा होता. म्हणाला, "बाई, मला नकोत ती खोकी. एकदा नेलं तेवढं पुरे झालं." तरी खोकी द्यायची वेळ आलीच तर दुसऱ्या कोणाला द्यावीत. या कलमाची अंमलबजावणी वकीलबाई करतील. त्यांनी दया दाखवू नये.

कलम आठवे. पेंटरांचा एक ब्रश शिल्लक आहे. कानामागे खोचलेला तो इस्पितळातल्या नर्सने कपड्यांच्या पिशवीत घालून मला परत दिला. तो मी मुलाला देते. काळ्या रंगाचा अर्धा डबा आहे, तो मुलीला देते. रंगावर साय धरू नये म्हणून मी मधूनमधून टर्पेंटाइन घालून तो ढवळत आले आहे. आता मुलाकडे ब्रश आहे आणि रंग नाही, मुलीकडे रंग आहे आणि ब्रश नाही. हे मी चुकून केलेले नाही.

सगळी खोकी झाली की शेवटच्या खोक्याचा ऊकार काढावा. लेकीने काढावा, तिचा हात वळणदार आहे. मुलाने खोके धरावे. लहानपणी तो बापाची शिडी धरायचा, तेव्हा तिच्यावरून कधी कोणी पडले नाही. ऊकार वाकडा आला तरी चालेल. पुसून पुन्हा काढत बसू नका.

कलम नववे आणि शेवटचे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही आणि यात बदल करण्याचा विचार नाही. पण तुम्ही दोघे मी असतानाच आलात, तर कलम सात आणि आठ मी आनंदाने फाडून टाकीन. रविवारी फोन करणाऱ्याने गुरुवारी यावे किंवा गुरुवारी फोन करणारीने रविवारी. मी दाराची कडी काढून ठेवते.

तसे झाले नाही, तर आमच्या कामातली एक पद्धत सांगून थांबते. लाइन जोडली की ऑपरेटर क्षणभर ऐकत राहते. इकडचा आवाज आला, तिकडचा आवाज आला, याची खात्री झाली की तिने कळ खाली करून बाजूला व्हायचे असते. पुढे काय बोलणे झाले, ते तिला कधीच कळत नाही. मला याचे आयुष्यभर वाईट वाटायचे. आता वाटत नाही. ब्रश एकाकडे आहे, रंग एकीकडे आहे, खोकी समोर आहेत. लाइन जोडली आहे. बोला.

सही: ऑपरेटर, पेंटरची बायको

वरील सही आमच्या समक्ष झाली आणि आम्ही एकमेकांसमक्ष सह्या केल्या.

साक्षीदार पहिली: समोरच्या दारातली निवृत्त नर्स. रोज सकाळी माझे दार उघडल्याचा आवाज आला की मगच ती चहा ठेवते.

साक्षीदार दुसरा: भंगारवाला. सही मराठीत, अक्षर बरे आहे.

ठिकाण: राहते घर, पुढची खोली.

तारीख: शिक्क्यात आहे ती. वार गुरुवार. फोन यायचा आहे.