उजव्या काखेतला ठिपका

सोमवार, संध्याकाळ

उद्या डाव्या स्तनाचं ऑपरेशन. कॅन्सर आधी कुठल्या ग्रंथीत शिरू शकतो, ते बघायला आज डावीकडेच औषध टोचून फोटो काढले. डावी काख स्क्रीनवर कोरीच राहिली. औषध पोचलेल्या ग्रंथीचा ठिपका उजळला तो उजव्या काखेत!

"बाजू चुकली का?" मी विचारलंच.

डॉक्टर म्हणाल्या, "नाही. पहिल्या कॅन्सरच्या वेळी डाव्या काखेत ऑपरेशन झालं होतं ना, त्यामुळे तिकडची वाट बंद झालीय. उद्या उजवीकडची ग्रंथी काढून तपासू."

ऑटोत हे म्हणाले, "सरी, आधीच कळलं ते बरं."

बरं कसलं? रोज आंघोळीला डावी काख चाचपत होते मी. उजवीकडे हात कधी गेलाच नाही.

अक्षर किती वाकडं येतंय! लिहितानाही उजवी काख घट्ट आवळून धरलीय मी.